आर्नोकाठची छत्री

फ्लॉरेन्समधल्या कुठल्याही दुकानात पाऊल टाकलं की आधी ‘बोंजोर्नो’ म्हणायचं, मग वस्तूकडे बघायचं. पाव घ्यायचा असो की खोकल्याची गोळी, आत येणारा माणूस दुकानदाराला आणि आधीपासून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही अभिवादन करतो आणि निघताना सगळ्यांचा निरोप घेतो. आमच्या अकोल्यात ओळखीच्या दुकानदाराशी आपण तब्येत-पाण्यापासून पोरांच्या लग्नापर्यंत सगळं बोलतो. अनोळखी दुकानात मात्र ‘हे केवढ्याला?’ एवढ्यावर काम भागतं. इथे ओळख असो-नसो, आधी माणसाची दखल घेतली जाते. मला हे फार आवडलं. ह्यांनाही आवडलं असावं, कारण एरवी दुकानात मागे उभे राहणारे हे इथे माझ्याआधी दार ढकलून मोठ्यानं ‘बोंजोर्नो’ म्हणू लागले.

लग्नाला चाळीस वर्षं होत होती. आम्ही दोघांनी एकदा दूरचा प्रवास करावा, असं लेकीच्या मनात होतं. तिनं पॅरिस सुचवलं, स्वित्झर्लंड सुचवलं. जठारपेठेतल्या आमच्या शेजारपाजारची काही मंडळी यात्रा कंपनीबरोबर तिकडे जाऊनही आलेली. मी मात्र फ्लॉरेन्स म्हटलं. शाळेत इतिहास शिकवताना कोल्हापूरच्या गादीची वंशावळ चाळायची वेळ यायची, आणि एका नावापाशी माझं बोट दर वेळी थांबायचं: दुसरे राजाराम महाराज, निधन 1870, फ्लॉरेन्स. वय वर्षं वीस. कोल्हापूरचा छत्रपती इटलीत कसा पोचला, तिथे त्याचं शेवटचं कोणी केलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तिथल्या नदीकाठी त्याची छत्री आहे, हे वाचलं त्या दिवसापासून तिथे जायचं मनात होतं.

आम्ही उतरलो होतो आर्नो नदीच्या दक्षिण काठावर, सान्तो स्पिरितो चर्चच्या जवळ. ही जुन्या कारागिरांची वस्ती. गल्ल्या अरुंद, फरशी दगडाची, भिंती पिवळट-तपकिरी, खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा. छपरं भिंतीच्या बाहेर चांगली पुढे आलेली, त्यामुळे पाऊस लागला तरी भिंतीला धरून चालता येतं. नोव्हेंबरचा शेवट होता. पाऊस येत-जात होता आणि पाच वाजायच्या आत अंधार पडत होता. त्या अंधारात तळमजल्यावरच्या कारखान्यांतले दिवे रस्त्यावर येत. कोणी जुन्या खुर्चीचे पाय बसवतंय, कोणी पुस्तक बांधतंय. एका दारात पिकल्या केसांचे एक गृहस्थ आरशाच्या चौकटीवर सोन्याचा वर्ख चढवत होते. हातात रुंद, पातळ कुंचला. तो ते आधी स्वतःच्या गालावरून फिरवत, मग वर्खाच्या कडेला टेकवत. गालावरच्या जराशा तेलकटपणानं वर्ख कुंचल्याला अलगद चिकटून यायचा आणि चौकटीवर उतरायचा. श्वास सोडतानाही ते तोंड बाजूला वळवत होते. आम्ही बराच वेळ उभे होतो. त्यांनी एकदा मान वर केली, हसले, आणि आम्हाला नीट दिसावं म्हणून दिवा थोडा सरकवून दिला.

नदी ओलांडून गावात गेलं की श्रीमंतांचे वाडे लागतात. मेदिची घराण्याचा वाडा, स्त्रोत्सींचा वाडा. बाहेरून नुसता किल्ला: खडबडीत दगडांचे मोठमोठे चिरे, खाली खिडक्या थोड्या आणि उंच. दिंडीतून आत गेलं की मोकळा चौक, भोवती कमानी, वर आकाश. आपल्याकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. मला सर्वांत आपलासा वाटला तो बाहेरचा दगडी ओटा. वाड्याच्या भिंतीला लागून रस्त्याच्या बाजूनं सबंध लांबीचा बसायचा कट्टा बांधलेला आहे, जाणाऱ्या-येणाऱ्यानं टेकावं म्हणून. पाचशे वर्षांपूर्वीच्या सावकारांनी बांधलेल्या त्या ओट्यावर आज कॉलेजची पोरं डबा खातात, थकलेल्या बाया पिशव्या ठेवून दम घेतात. आम्हीही टेकलो. आमच्याकडे नवी घरं झाली तसे ओटे गेले आणि त्यांच्या जागी गाडीचं फाटक आलं. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या आजीला गल्लीतलं कोण कुठे गेलं हे ठाऊक असायचं. ती सोय आपण फारसा विचार न करता सोडून दिली, असं मला तिथे बसून वाटलं.

भाजीच्या बाजारात एक वेगळीच रीत शिकले. सांत अम्ब्रोज्योच्या बाजारात गर्द हिरव्या, सुरकुतलेल्या पानांची एक कोबीची जात ढिगानं होती, भोपळे होते, देठासकट आर्टिचोक होते. माझा हात सवयीनं पुढे गेला. जठारपेठेत मी भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय घेत नाही आणि वांगं दाबून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. इथे भाजीला हात दुकानदारच लावतो. तुम्ही सांगायचं, आजच करायची आहे की परवा, रस्सा करायचा की भाजून खायची, आणि तो त्याप्रमाणे निवडून देतो. विक्रेत्या बाईनं मला टोमॅटो आजच्यासाठी हवेत का असं विचारून पिकलेले, जरा मऊ झालेले निवडून दिले आणि ते खरोखर त्याच संध्याकाळी लागणारे होते. म्हणजे पारख इकडेही आहे, फक्त ती विकणाऱ्याच्या हाती सोपवलेली आहे. त्यासाठी विकणाऱ्यावर जो भरवसा लागतो, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून येत असला पाहिजे.

आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं इंग्रजी थोडं, आमचं इटालियन त्याहून थोडं. उरलेलं मोबाइलवरच्या भाषांतरानं निभावलं. नोव्हेंबर हा तिकडे ऑलिव्हच्या नव्या तेलाचा महिना. टेकड्यांवरच्या घाण्यांतून ताजं तेल येतं, हिरवंगार आणि घशाला झोंबणारं. बाईंनी पावाचे जाड काप भाजले, गरम असतानाच त्यांवर लसणाची पाकळी घासली, वरून ते तेल सढळ हातानं ओतलं आणि मीठ भुरभुरवलं. तिकडच्या पावात मीठ अजिबात नसतं. नुसता खाल्ला तर तो बेचव लागतो, पण तेल, मीठ, लसूण पडला की त्याचं कारण समजतं: पावानं पुढे यायचं नाही, सोबतच्या पदार्थाला पुढे जाऊ द्यायचं. ज्वारीची भाकरी हेच करते. ह्यांनी एक घास खाल्ला आणि उठून खोलीतून बरणी आणली. जवसाची चटणी, घरून नेलेली. भाकरीवर कच्चं तेल आणि जवसाची चटणी खाणाऱ्या वऱ्हाडी माणसाला तो पाव परका वाटणं शक्यच नव्हतं. बाईंनी चटणी बोटानं चाखली, डोळे मिटले, मग स्वतःच्या कापावर घेतली. जवस तिकडेही होतं. त्याचं सूत काढून कापड विणतात हे त्यांना ठाऊक होतं, पण भाजून, कुटून, तिखट घालून खातात हे नव्हतं.

त्यांच्याच घरी आम्ही रिबोलिता जेवलो. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, ती काळपट कोबी, गाजर, कांदा आणि शिळा पाव, सगळं एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं. हे माळकरी, त्यामुळे मांसाहाराचा प्रश्न नव्हता; आणि मोठाल्या बीफस्टेकसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या गावात गरिबाघरचं जेवण जवळजवळ सगळं आमच्या चालीचं निघालं. टोमॅटोत शिजवलेला पाव, सेजची पानं घातलेला घेवडा, हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं धिरडं. शिळं टाकायचं नाही, त्याचंच नवं करायचं, ही शिस्त दोन्हीकडच्या बायकांनी अडचणीतच शिकलेली. फरक पंगतीचा. आपल्या ताटात सगळं एकदम येतं, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये पोळी-भात, आणि कशाबरोबर काय खायचं हे खाणारा ठरवतो. त्यांच्याकडे एकामागून एक येतं, आणि एक संपून दुसरं येईपर्यंत बोलणं होतं. त्या मधल्या वेळात बाईंनी आमच्या लग्नाची चौकशी केली. लग्नाआधी आम्ही एकमेकांशी जेमतेम दहा मिनिटं बोललो होतो, तेही चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात, घरच्यांसमोर, हे ऐकून त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग त्यांनी भिंतीवरचा आपल्या पतीचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या की आम्ही चार वर्षं रोज ह्या चौकात फिरलो, आणि खरी ओळख मात्र लग्नानंतरच झाली.

मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहिला. त्यावर इतक्यांनी इतकं लिहिलं आहे की मी एवढंच सांगते: सतरा फुटांच्या त्या संगमरवरी मुलाच्या उजव्या हातावरच्या शिरा पाहून घ्या. ह्यांचा जीव मात्र अडकला तो मोठ्या देवळाच्या घुमटात. आयुष्यभर बांधकाम खात्यात पूल-मोऱ्यांच्या कामावर राबलेला माणूस. सांता मारिया देल फिओरेचं बांधकाम 1296 मध्ये सुरू झालं, भिंती उभ्या राहिल्या, पण वरचं जवळजवळ दीडशे फुटांचं भगदाड झाकायचं कसं, हे कित्येक वर्षं कुणाला सुचत नव्हतं. तेवढ्या उंचीवर एवढ्या रुंदीला आधार द्यायला लाकूड पुरणार नव्हतं. 1420 मध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्कीनं ते काम अंगावर घेतलं आणि 1436 मध्ये पुरं केलं, जमिनीवरून उभ्या केलेल्या सेंटरिंगशिवाय. आत एक जाड कवच, बाहेर एक पातळ कवच, दोहोंमध्ये जिना, आणि विटा अशा तिरप्या-उभ्या गुंफलेल्या की प्रत्येक थर स्वतःला सांभाळून राहावा. शिक्षणानं हा गृहस्थ सोनार. जिन्याच्या 463 पायऱ्या चढताना मी दर वळणाला थांबत होते. हे विटांवर हात ठेवून थांबत होते. एका ठिकाणी त्यांनी मला बोटानं दाखवलं, “पाह्य, ही उभी वीट आडव्यांना धरून राहिली. सेंटरिंग नाही, काही नाही, अन्‌ उभं करून टाकलं माणसानं.” वर गेल्यावर गाव पायाखाली पसरलेलं, लाल कौलांचं, मध्ये नदी, पलीकडे टेकड्या. सगळे लोक फोटो काढत होते. हे मात्र अजून त्या विटांविषयीच बोलत होते, आणि मला त्यांच्याबरोबर उभं राहायला फार बरं वाटत होतं.

लग्नाच्या वाढदिवसाच्या दिवशी आम्ही पोंते वेक्क्यो, म्हणजे जुन्या पुलावर गेलो. 1333 च्या पुरात आधीचा पूल वाहून गेल्यावर 1345 मध्ये हा बांधला. त्याच्या दोन्ही कडांना दुकानं आहेत. पूर्वी तिथे खाटीक बसत. 1593 मध्ये फर्दिनांदो मेदिचीनं त्यांना हलवून सोनारांना जागा दिली आणि तेव्हापासून पूल सोनारांचाच. पेढ्या इतक्या लहान की आत तीन माणसं उभी राहिली तर चौथ्यानं बाहेर थांबायचं. एका पेढीवरच्या बाईंची नजर माझ्या मंगळसूत्राकडे गेली. त्यांनी खुणेनं विचारलं, बघू का? मी काढून दिलं नाही, नुसती पुढे वाकले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, वाट्या उलट्या-सुलट्या केल्या, काळे मणी सोन्याच्या तारेत कसे ओवलेत ते निरखलं. तिकडे अठरा कॅरटचं सोनं चालतं. आपल्या बावीस कॅरटचा पिवळा रंग त्यांना खोल वाटला असावा, कारण त्यांनी दिव्याखाली पुन्हा पाहिलं. मग एका कडीवर बोट ठेवलं. झिजून उघडी झाली होती, मला पत्ताच नव्हता. बारीक चिमटा घेऊन, माझ्या गळ्यातच, त्यांनी ती कडी दाबून बंद केली आणि भिंगातून तपासली. पैसे घ्यायला तयार झाल्या नाहीत. लग्नाचा वाढदिवस आहे असं ह्यांनी मोबाइलवर लिहून दाखवल्यावर तर उठून दोघांशी हात मिळवला. अकोल्याच्या सराफ्यात घडवलेलं मंगळसूत्र आर्नोवर दुरुस्त झालं. त्या दिवशी आम्ही तिथून काही विकत घेतलं नाही. घ्यावंसं वाटलंच नाही.

ह्या पुलाच्या पुढचाच सांता त्रिनिता पूल ह्यांना अधिक मोलाचा वाटला. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं जुना पूल तेवढा ठेवून फ्लॉरेन्सचे बाकी सगळे पूल उडवले. सांता त्रिनिता सोळाव्या शतकातला. युद्धानंतर लोकांनी नदीच्या पात्रातून त्याचे चिरे वर काढले, कमी पडले तेवढे नवे घडवले आणि 1958 मध्ये पूल होता तसा उभा केला. त्यावर चार ऋतूंचे चार पुतळे आहेत. वसंताचं डोकं मिळत नव्हतं. ते 1961 मध्ये गाळात सापडलं आणि खांद्यावर बसवलं. सिमेंटचा पूल वर्षभरात झाला असता, स्वस्तात झाला असता. गावानं तसं केलं नाही. कठड्यावर हात टेकवून हे त्या कमानींची वक्ररेषा पुन्हा पुन्हा बघत राहिले.

त्याच युद्धाचा एक मराठी धागा उफित्सी चित्रसंग्रहालयात आहे, आणि तो तिथे कुठे लिहिलेला मला तरी दिसला नाही. बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ नावाचं भव्य चित्र तिथे लागलेलं आहे: संत्र्याची बाग, गवतात असंख्य फुलं, मध्ये देवता, एका बाजूला हात गुंफून नाचणाऱ्या तिघी. सन 1480 च्या सुमाराचं. युद्धात उफित्सीची चित्रं गावाबाहेरच्या मोंतेगुफोनी नावाच्या गढीत दडवून ठेवली होती. 1944 च्या उन्हाळ्यात आघाडी त्या गढीपर्यंत आली तेव्हा आठव्या हिंदी डिव्हिजनची, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन तिथे होती, आणि त्या चित्रांवर मराठा शिपायांचा पहारा बसला. पुढच्या वर्षी ह्याच बटालियनच्या नामदेव जाधवांना सेन्यो नदीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर, सातारा, कोकणातल्या खेड्यांतून गेलेली ती मुलं. हातात रायफल, पाठीशी हे चित्र. गवतातली फुलं त्यांनीही निरखली असतील. मी चित्रासमोर उभी राहून जवळच्या एका तरुण मराठी जोडप्याला हे सांगितलं. पुण्याचे होते. त्यांनी मग चित्राकडे पाठ करून फोटो काढला नाही; दोघं चित्राकडे तोंड करून बघत उभे राहिले.

सांता क्रोचे भागात भिंतींवर उंचावर लहान पाट्या आहेत: 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नोचं पाणी इथवर आलं होतं. सान रेमिज्यो गल्लीच्या कोपऱ्यावर तर दोन पाट्या एकमेकींजवळ आहेत, एक 1966 ची, दुसरी 1333 ची, आणि तारीख दोन्हींवर 4 नोव्हेंबर. मी हात उंच केला तरी रेघ कितीतरी वर राहत होती. राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. ती काढायला जगभरातून तरुण मुलं आली, ओळीनं उभी राहून त्यांनी हातोहात पुस्तकं बाहेर काढली, पुसली, वाळवली. गाव त्यांना आजही चिखलातले देवदूत म्हणून आठवतं. 2021 च्या जुलैत एका रात्रीच्या पावसानं आमच्या मोर्णेचं पाणी अकोल्यात घराघरांत शिरलं होतं. तेव्हाही तरुण पोरांनी खांद्यावरून म्हातारी माणसं काढली, डबे पोचवले. आमच्या भिंतींवर मात्र पाण्याची रेघ पुढच्या दिवाळीच्या रंगाखाली गेली. मला वाटतं, मोर्णेकाठच्या एखाद्या भिंतीवर अशी पाटी असायला हवी: पाणी इथवर आलं होतं, अमुक तारखेला. ती पाहून नदीच्या पात्रात घर बांधणारा एखादा तरी थबकेल.

आणि मग कास्चिने. गावाच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाकाठानं कोसभराहून लांब पसरलेलं हे उद्यान. मंगळवारी सकाळी तिथे मोठा आठवडी बाजार भरतो. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र सामसूम होती. धावणारे लोक, कुत्री फिरवणारे, ओल्या पिवळ्या पानांचा थर. झाडी संपत नाही असं वाटत असताना शेवटी मुन्योने नावाची छोटी नदी येऊन आर्नोला मिळते. तो संगम. तिथे चार खांबांची, घुमटाची छत्री दिसली आणि मी ह्यांचा हात धरला. जठारपेठेच्या रस्त्यावर आम्ही कधी असं चाललो नाही.

राजाराम महाराज 1866 मध्ये दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. इंग्रजी शिकले होते. 1870 मध्ये कॅप्टन वेस्टबरोबर विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, जे पाहिलं त्याची इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती पुढे 1872 मध्ये वेस्टनं प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्सच्या हॉटेलात त्यांनी देह ठेवला. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. दोनच महिन्यांपूर्वी रोम जिंकलं गेलं होतं, राजधानी तिकडे हलणार होती, गाव उलथापालथीत होतं. त्यात हा परका राजपुत्र गेला, आणि त्याच्या माणसांनी मागितलं काय, तर दहन. त्या देशात प्रेत जाळायची रीत नव्हती. पुढे 1876 मध्ये मिलानला आधुनिक पद्धतीचं पहिलं दहन झालं. पण गावाच्या कारभाऱ्यांनी खास परवानगी दिली. धर्माप्रमाणे दोन नद्यांचा संगम हवा होता, तो इथे होता. लाकडं रचली गेली आणि रात्री अग्नी दिला गेला. न पाहिलेलं पाहायला फ्लॉरेन्सचे लोक त्या रात्री नदीकाठी जमले होते.

चार वर्षांनी, 1874 मध्ये, त्याच जागी ही छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. छत्रीखालचा अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. डोक्यावर पागोटं, गळ्यात अलंकार, चेहरा अगदी कोवळा. मी शिकवलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांचा असतो तेवढा. त्याला रंग दिलेला आहे, त्यामुळे तो दगडाचा वाटत नाही, समोर बसलेला वाटतो. खालच्या लेखांत देवनागरी अक्षरं दिसली तेव्हा मात्र मला राहवलं नाही, डोळे भरून आले. भोवती लोखंडी कठडा आहे. फ्लॉरेन्सच्या लोकांसाठी ही जागा ‘इंदियानो’ची, म्हणजे त्या हिंदी माणसाची. 1978 मध्ये जवळच आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्यालाही त्यांनी नाव दिलं ते ह्याच हिंदी माणसाचं. रोज हजारो गाड्या त्याचं नाव घेतलेल्या पुलावरून जातात. कोल्हापुरात 1880 पासून राजाराम कॉलेज आहे, तिथून किती पिढ्या शिकून गेल्या. तरी विसाव्या वर्षी गेलेल्या त्या मुलाचा चेहरा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मी घरून हळद-कुंकवाची पुडी नेली होती. कठड्याबाहेरूनच चिमूटभर वाहिलं. ह्यांनी पागोट्याकडे बघत दोन्ही हात जोडले. व्यायाम करत जाणारी एक प्रौढ बाई आम्हाला पाहून थांबली, तुम्ही त्याच्या देशातले का असं विचारलं, आणि हो म्हटल्यावर सांगितलं की ती लहानपणी आजोबांचं बोट धरून इथे यायची. आजोबा तिला सांगत की हा राजा घरी जाता जाता इथे राहून गेला. ती गेल्यावर आम्ही संगमावर बसलो. पाणी गढूळ होतं, दोन बगळे उथळ पाण्यात उभे होते. ह्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं, “बाळापूरची छत्री अशीच आहे ना गं?”

अशीच आहे. आमच्याकडे बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांचा संगम आहे. एकीकडे 1757 मध्ये पुरा झालेला किल्ला आणि गावाबाहेर नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री. आंबेरचा राजपूत सरदार, 1665 ला शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा, 1667 मध्ये बऱ्हाणपूरला घरापासून दूर वारलेला. कोल्हापूरच्या राजाची आठवण फ्लॉरेन्सकडे आहे, तशी आंबेरच्या राजाची आठवण आम्हा वऱ्हाडातल्या लोकांकडे आहे. फ्लॉरेन्सनं परक्याची ठेव दीडशे वर्षं नाव घेऊन जपली. आपण खामगावला, शेगावला जाताना बाळापूरवरून शंभर वेळा गेलो असू. गाडी तिकडे किती वेळा वळली, हे प्रत्येकानं आपलं आपण आठवावं.

आता अकोल्यातून मुलांकडे युरोपला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी फ्लॉरेन्सला जाणार असेल तर माझी विनंती आहे: एक सकाळ कास्चिनेसाठी ठेवा, उद्यानाच्या अगदी टोकापर्यंत चालत जा आणि त्या मुलाला आपल्या भाषेत दोन शब्द बोला. आणि ज्यांना जाणं होणार नाही, त्यांनी येत्या रविवारी नातवंडांना घेऊन बाळापूरला जावं, छत्रीच्या पायऱ्यांवर बसून मिर्झाराजांची गोष्ट सांगावी. अकोल्याहून बाळापूर जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे.